चार बोटं गाळ

४ जानेवारी

गटार पुन्हा तुंबलं. परसात घोटाभर काळं पाणी, वर कुणाच्या तरी घरची मेथीची देठं तरंगतायत. सकाळीच ओकारी आली. पस्तीस वर्षं मिलमध्ये कलर मास्तर होतो, रंगाच्या टाक्यांवर वाकून दिवस काढले, तेव्हा वाटायचं नाक मेलं. मेलं नव्हतं. रिटायर झाल्यावर ते नव्यानं जागं झालंय, आणि लिंबायतमध्ये राहून जागं नाक म्हणजे शिक्षा आहे.

शोषखड्डा खणायचं ठरवलं. मजूर नको. एक तर ते येत नाहीत, आले तर परसातच पिचकाऱ्या मारतात. अख्ख्या ओळीत आमचंच परसू उरलंय, दहा बाय बारा. बाकीच्यांनी स्लॅब टाकून खोल्या चढवल्या.

मंगला म्हणाली, "ह्या वयम्हा खड्डा खनतस? कंबर मोडाई जाई." काळजी वगैरे नाही. बायकोलाच नंतर शेकत बसावं लागेल म्हणून.

६ जानेवारी

हातभर खाली गेलो. नुसती घाण. गुटख्याच्या पुड्या, इतक्या की फावडं त्यांच्यावरून सरकतं. पॉलिएस्टर साडीच्या चिंध्या, धुतल्या तर अजून नेसता येतील. लूमची फुटकी बॉबिन. एक डायपर. आमच्या घरात पंधरा वर्षांत बाळ नाही, म्हणजे ते भिंतीपलीकडच्या शांताबेनच्या घरचं. ती वरून वाकून विचारते, "भाई, सुं खोदो छो? खजानो छे के?" म्हटलं, तुमचाच आहे, परत देऊ का. हसली. लाज म्हणून नाही.

त्याखाली एक कवळी. खालच्या दातांची. उचलली आणि मग कळलं काय उचललंय. तीनदा हात धुतले. मं.नं वरणभात वाढला होता, एक घास उतरला नाही.

९ जानेवारी

पत्रिका आली. पोस्टानं. दि.च्या मुलीचं लग्न, २२ फेब्रु., पलसाण्याला.

दि. म्हणजे दिगंबर, माझा सख्खा धाकटा भाऊ. वीसएक वर्षं वहीत मी त्याचं एकच अक्षर लिहितो, त्याच्यावर जास्त शाई घालवायची नाही म्हणून. आज पूर्ण लिहिलं, कारण पत्रिकेत त्यानं माझं पूर्ण लिहिलंय. निमंत्रकांत पहिलं नाव माझं. न विचारता. तोंड बघायचं नाही, पण चार भाऊबंदांत थोरल्याचं नाव नसलं तर वाईट दिसतं, म्हणून छापलं. या माणसाची मला शिसारी येते.

मं. म्हणे जाऊ. पोरीनं काय केलंय. म्हटलं, तिच्या बापाला म्हणावं आधी देव परत कर, मग येतो अक्षता टाकायला.

१० जानेवारी

खणलं नाही. कंबर. (मं.ला सांगितलं नाही.)

काल रागात होतो. आज डोकं ठिकाणावर ठेवून पुन्हा एकदा लिहून काढतो, कारण मं. हल्ली विसरल्याचं सोंग करते.

पुराच्या वर्षी सगळे याच घरात होतो. आई, आम्ही, दि.चं बिऱ्हाड. त्याला वेगळं व्हायचं होतं, मी नाही म्हणत होतो. श्रावणात आमची देवी, कानबाई, घरात बसली, रोटाला बसलो, आणि तिथेच आमचं वाजलं. तो रोट न खाता उठला. आमच्या खानदेशात कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात, त्याचा रोट, तो कुळानं एकत्र खायचा. त्याच्या नावाचा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी कानबाईचं विसर्जन, संध्याकाळी तापीचं पाणी गल्लीत.

मी मिलमध्ये अडकलो, चार दिवस. मं., पोरं आणि आई समोरच्या बोरसे सरांच्या गच्चीवर. आईला ताप भरला. दि. त्याच्या कामावरून कमरेभर पाण्यातून आला, तिला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं. मग तिचे कपडे न्यायला घरात गेला. पुरानंतर घरात पाय ठेवणारा पहिला माणूस तो. आठ दिवसांत आई गेली. सुतकात देवाला हात लावत नाहीत, म्हणून तेराव्याला देव्हारा उघडला. रिकामा. आजोबांपासूनचे पाच चांदीचे टाक, खंडोबा, सप्तशृंगी, सगळे, नाहीत.

आणि देव्हाऱ्याला बाहेरून कडी लावलेली होती. देव पाण्यानं नेले असते तर कडी कुणी लावली असती? पाणी कडी लावत नाही. तेराव्याच्या पंगतीत, सगळ्या भाऊबंदांसमोर, मी त्याला हेच विचारलं. पानावरून उठला तो उठलाच.

यात चूक कुठे आहे ते मला कुणी दाखवावं.

१४ जानेवारी

उत्तरायण. प्रत्येक गच्चीवर स्पीकर, प्रत्येकाचं गाणं वेगळं. कान किटले. परसात सात फाटके पतंग आणि हातभर मांज्याचा गुंता येऊन पडला, त्यात एक कबुतर, पंख कापलेला. मं.नं हळद लावली. मेलं.

बोरसे सर आले होते उंधियू घेऊन. महापालिकेच्या मराठी शाळेत इतिहास शिकवायचे, अजून तसेच बोलतात, फळ्याकडे बघत असल्यासारखे. खड्ड्यात वाकून म्हणाले, "मास्तर, तुम्ही कचरा बघताय. भिंत बघा." खड्ड्याची भिंत म्हणजे काय बघायची. पण त्यांनी भाजी चिरायच्या पावशीनं एक बाजू तासली, पाणी शिंपडलं, आणि पट्टे उठले. एकावर एक, वेगळ्या रंगाचे.

रंग मला कळतात. पस्तीस वर्षं तेवढंच केलं.

१६ जानेवारी

रंगाच्या नमुन्यांचं जुनं शेड कार्ड काढलं, भिंतीला लावून जुळवलं. वरचा थर कोळशासारखा, मळका काळा, गटाराचा. मग तपकिरी, त्यात चिंध्या आणि पुड्या. मग एक पट्टा, चार बोटं जाड, फिकट राखाडी. इतका बारीक की चिमटीत मैदा वाटतो. ना खडा ना वाळू. चारही भिंतींवर एकाच उंचीवर. त्याखाली चॉकलेटी काळी माती.

सरांना दाखवला. म्हणाले, "हा पुराचा गाळ. तापीनं तुम्हाला तारीख घालून दिलीय. याच्या वर जे आहे ते पुरानंतरचं, खाली आहे ते पुराआधीचं. मात्र पट्टा अखंड पाहिजे. कुणी मधून खणलेलं असलं की थर तुटतो."

आवडलं मला हे. आयुष्यात इतकी साफ गोष्ट कमी वेळा मिळते. माणसं खोटं बोलतात, कागद खोटा बनतो, गाळ तेवढा जिथे बसला तिथे बसतो.

हे दि.च्या घरी जाऊन कुणी सांगायला हवं.

१९ जानेवारी

शोषखड्डा राहिला बाजूला. आता नीट खणतोय. सुतळीनं चौकोन पाडले, रंगाचा ब्रश घेतला, चाळायला घरातली चाळण. मं.ला कळलं तेव्हा तिनं चाळण हिसकावली नाही, नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "ती आते तुमनीच. तीम्हा पीठ नही चाळाव मी."

गाळाखालचं जग वेगळं. घाण इथेही आहे, पण ओळखीची. काचेच्या बांगड्यांचे तुकडे, हिरवे, आईच्या वेळचे. फुटकं कौल. निरोधचं पाकीट, सरकारी. (दि.चं की माझं, आठवत नाही. शी.) उंदराचा सापळा, दातांसकट. वास मात्र नाही. पुराआधीची माती वास मारत नाही, वरची मारते. वीस वर्षांत आम्ही केलं काय ते एवढ्यावरून कळतं.

शांताबेननं आज वरून केळ्याची सालं टाकली, माझ्या सुतळीच्या चौकोनात. वर बघून म्हटलं, तुमची पण तारीख लागणार आहे. तिला काही कळलं नाही.

२३ जानेवारी

लागलं काहीतरी. ईशान्य कोपरा, गाळाच्या खाली. मडक्याची गोल कड. लाल, जाड, भाजलेली. वरून गाळाचा पट्टा सरळ गेलाय, कुठेही तुटलेला नाही. हाताची तीन बोटं फिरवून पाहिली, चारदा.

म्हणजे पुराआधीचं. किती आधीचं, ते कोण सांगणार? सर म्हणाले तापीच्या काठानं हजारो वर्षं वस्ती आहे, मडकी पुरायची चाल जुनी आहे, हात लावू नका, आधी फोटो काढा. स्वतःच इतक्या घाईत काढला की फोटो हलला.

मं.ला हाक मारली. आली, बघितलं, कपाळाला आठी घातली. "हाई काय नवं शे?" एवढंच बोलली आणि कपडे वाळत घालायला गेली. या बाईला कशाचंच काही नाही. मिलमध्ये माझ्या हातून नवा शेड निघायचा तेव्हाही अशीच.

दुपारी पडल्या पडल्या पेपरात फोटोखाली माझं नाव कसं यावं याचा विचार केला. लिहायला लाज वाटते, पण केला.

२५ जानेवारी

मडक्याच्या तोंडावर झाकण आहे. ब्रशनं साफ केलं. स्टीलचं ताट.

खड्ड्यातच खाली बसलो. हजारो वर्षांपूर्वी लोक स्टीलच्या ताटात जेवायचे नाहीत, हे समजायला इतिहासाचा मास्तर लागत नाही. सर "बरं, बरं" करत चष्मा पुसत निघून गेले. उद्या गल्लीत सगळ्यांना कळेल. शांताबेनला तर आजच कळलं, हसण्याचा आवाज आला.

ताट पुसलं तर त्यावर टोचून नाव: "कै. नथू यांच्या स्मरणार्थ". वडिलांच्या वर्षश्राद्धाला वाटली होती, भाऊबंदांत घरटी एक. उरलेली आमच्याकडे.

मग आठवलं. हा आईचा माठ. झाडांना पाणी घालायला तिनं कोपऱ्यात काठापर्यंत गाडून ठेवला होता. रोज सकाळी मी त्याच्याजवळ दात घासायचो. पुरानंतर गाळात गेला आणि माझ्या डोक्यातूनही गेला. स्वतःच्या आईचा माठ ओळखला नाही, आणि फोटोखाली नाव छापायला निघालो होतो. मं.नं तर ओळखला होता, परवाच.

झाडांच्या माठावर आई जेवणाचं ताट कशाला झाकेल, हा विचार मात्र जात नाही.

२६ जानेवारी

ताट उचललं. आत तोच गाळ, गच्च. कोपरापर्यंत हात घातला, थंड, बुळबुळीत, अंगावर शहारे. बोटांना पातळ पत्रे लागले. एक. दोन.

पाच.

काळे ठिक्कर पडलेत. नळाखाली धरले. घोड्यावरचा खंडोबा. देवीचे हात मोजता येतात.

माठावरून गाळ अखंड होता, हे मीच लिहिलंय, तीन दिवसांपूर्वी, याच वहीत, "चारदा" पाहिल्याचं सांगून. पुराआधी इथे ठेवलेत. पूर येण्याआधी. दि. घरात शिरला तो पुरानंतर.

पुढे लिहवत नाही.

२७ जानेवारी

काल मं.ला काय झालं ते लिहायचं राहिलं.

मी चिंच घेऊन टाक घासायला बसलो होतो. हाताला काहीतरी काम पाहिजे होतं. एक घासून चांदी दिसायला लागली तेवढ्यात ती आली. बघितलं. ओल्या मातीत बसली, पातळासकट. मग माझ्या हातातली चिंच काढून घेतली. "नका घासू. पाणीम्हा ठेवा आधी. पाणीम्हा ठेवा म्हनस ना."

माठाच्या तळाशी अजून काही होतं, ते तिनं हात घालून काढलं. दोन सुपाऱ्या, दोऱ्यानं एकमेकींना बांधलेल्या. सुपाऱ्या मऊ पडल्यात, दोरा तसाच. पॉलिएस्टर, राणी कलर. आमच्याच मिलचा दोऱ्याचा कोन होता घरात, त्यातला. रंग अजून पक्का आहे. मीच केलेला.

मं. म्हणाली, "मायनी देव पाणीम्हा घालेल शेतस."

ही चाल मला माहीत होती, कुणाला नसते. बायका करतात. काही व्हावं अशी फार इच्छा असली की देव पाण्यात घालून ठेवायचे. ते होईस्तोवर काढायचे नाहीत, आणि कशासाठी घातले ते कुणाला सांगायचं नाही. पुराच्या दिवशी सकाळी आम्ही सगळे कानबाईच्या विसर्जनाला गेलो, ती गुडघे दुखतात म्हणून घरी राहिली होती. घरात पाण्यात ठेवले असते तर आम्ही विचारलं असतं. म्हणून परसात.

मी विचारलं, कशासाठी घातले असतील.

मं.नं सुपाऱ्या माझ्या तळहातावर ठेवल्या. "आते बी इचारतस?"

२९ जानेवारी

स्वतःची किळस येते, ही वेगळीच असते. कवळी उचलली तेव्हा हात धुता आले.

टाक स्टीलच्या बादलीत, स्वच्छ पाण्यात, देव्हाऱ्याखाली. मं. रोज पाणी बदलते. मला हात लावू देत नाही. घासलेला एक टाक तेवढा बादलीत चमकतो, बाकी चार काळे. दिवसातून दहा वेळा नजर जाते.

आई आठ दिवस तापात होती. मं. म्हणते, शुद्धीवर असायची तेव्हा विचारायची, "दोन्ही पोरं जेवले का?" आम्हाला वाटायचं पुराची काळजी. आम्ही सांगायचो, जेवले. ती मान हलवायची. पाणी उतरलं की काढू असं धरून चालली असेल. किंवा आम्ही रोट खाऊ, मग काढू. नंतर वेळच मिळाला नाही तिला. आणि ज्यासाठी तिनं ते केलं तेच मी तिच्या तेराव्याला पंगतीत बसून मोडलं, तिच्याच देवांचं नाव घेऊन.

कडीचं अजून सुटत नाही. आईनं लावली असेल? तिचा हात पोचायचा नाही, देव काढायला ती नेहमी स्टुलावर चढायची आणि उतरताना दार उघडंच ठेवायची, मी शंभरदा ओरडलोय.

बघा, अजून पुरावे काढतोय.

३ फेब्रुवारी

फोन लावला. नंबर मं.च्या डायरीत होता, म्हणजे तिचं त्यांच्याशी बोलणं चालू असतं. विचारलं नाही. पुतणीनं उचलला. "कोण?" म्हटलं, मोठे काका. तिकडून फोन ठेवला गेला. तिच्या पत्रिकेत पहिलं नाव माझं आहे.

५ फेब्रुवारी

सर आले, वेगळंच बोलत बसले. शेवटी म्हणाले, "मास्तर, कुणाला कळायची गरज नाही. देव बसवा देव्हाऱ्यात, सांगा नवे केले." चांगल्या मनानं म्हणाले. पण म्हणजे काय? वीस वर्षं एका माणसाला चोर म्हणून चांदी घासून मोकळं व्हायचं. आणि वाईट हे की अर्धा मिनिट मी तो विचार केला.

चहा न देता पाठवलं त्यांना. उद्या माफी मागावी लागेल. यादी वाढतेय.

८ फेब्रुवारी

पलसाण्याला जाऊन आलो. रिक्षा, मग एस.टी., मग पुन्हा रिक्षा. हायवेवर मिलांचा तो वास. एके काळी माझ्या डब्यातल्या भाकरीलाही तो यायचा आणि मला कळायचं नाही. आज रुमाल लावला.

दि. दारातच मांडव घालणाऱ्यांशी बोलत होता. केस सगळे पांढरे. मला माहीत नव्हतं. मी डोक्यात काळ्या केसांच्या माणसाशी भांडत होतो इतकी वर्षं. मला बघून त्यानं मांडववाल्यांना पाठवून दिलं आणि प्लास्टिकची खुर्ची पुढे केली. स्वतः उभा.

मी सगळं सांगितलं. गाळ, माठ, ताट, टाक. सुपाऱ्या दाखवल्या. त्यानं हातात घेतल्या, दोरा बोटानं फिरवला. मी म्हटलं, एक कडी तेवढी राहते.

"कडी मी लायेल व्हती."

म्हटलं, काय?

"मायना कपडा लेवाले घरम्हा गऊ तैं देव्हारा उघडा, मझार काहीच नही. उघडा रिकामा देव्हारा बरा दिखस का? लाई टाकी कडी."

मग तेराव्याला बोलला का नाहीस, विचारलं.

"काय बोलू? माले वाटनं तूच काढी ठेयात. माले वाटा देना पडू नही म्हनीसन. आनि वरतून पंगतम्हा मालेच इचारी ऱ्हायना." सुपाऱ्या त्यानं परत माझ्या हातात दिल्या. "मी बी तुले चोरच समजनू, दादा. फरक इतलाच, मी कोनले सांगं नही."

मी खुर्चीवर, तो उभा. माफी मागायची म्हणून तोंड उघडलं तर म्हणाला, "आठे नको. तू पंगतम्हा म्हनं. पंगतम्हाच सांग."

माझं नाव पत्रिकेत का छापलं, हेही विचारलं. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मीच लाजलो. "तू थोरला शे. मंग कोन्हं टाकू?"

चहा आला, आम्ही दोघांनीही घेतला नाही.

९ फेब्रुवारी

पंगतीत म्हणजे दीडशे माणसं. शहाद्याचे, शिरपूरचे, सगळे भाऊबंद. तेराव्याला मी बोललो तेव्हा जे मान डोलावत होते तेच. त्यांतले निम्मे गेले. उरलेले येणार. त्यांनी या वीस वर्षांत दि.च्या घरी सोयरीक जोडताना काय काय विचारलं असेल, ते मी कधी मनात आणलं नाही. पुतणीचं लग्न इतकं उशिरा का, तेही नाही.

मं.ला सांगितलं, जमणार नाही माझ्याच्यानं. ती भाजी निवडत होती.

१५ फेब्रुवारी

दि. आला. न सांगता, दुपारी. मं.च्या हातातली भांडी खाली पडली इतकी ती गडबडली. तो आधी घरात शिरलाच नाही. बाजूच्या बोळातून सरळ परसात गेला, खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला. शांताबेन वरून डोकावली, आणि लगेच आत गेली.

मी त्याला पट्टा दाखवला. तो खड्ड्यात उतरला, राखाडीवर चार बोटं ठेवली. बरोबर बसली. मला वाटलं रडतो की काय. रडला नाही. नाक शिंकरलं, माझ्या साफ केलेल्या भिंतीवर, आणि बूट झाडत वर आला. राग आला मला, आणि राग आल्याची लाज.

घरात आला. बादलीत बघितलं. म्हटलं, काढायचे का दोघांनी मिळून, आता भेटलो. तो नाही म्हणाला. मायनं घातले ते भेटण्यासाठी नाही, रोटासाठी. श्रावणात बघू. "बघू" म्हणाला, "येईन" म्हणाला नाही. जाताना मं.ला म्हणाला, "वहिनी, पाणी बदलत जाय."



२० फेब्रुवारी

काय बोलायचं ते लिहून बघतोय. पहिल्यांदा पानभर झालं, त्यात पूर, गाळ, थर, सगळं. वाचलं तर त्यात मीच शहाणा. फाडलं. दुसऱ्यांदा अर्धं पान, त्यात कडीचा गैरसमज दोघांचा होता असं वाक्य. खरं आहे, पण घाणेरडं आहे. फाडलं.

आता दोन ओळी आहेत. देव परसात होते. दिगंबरनं नेले नव्हते, मी खोटा आळ घेतला. 

मोठ्यानं म्हणून बघितलं, मोरीत, नळ सोडून. दुसऱ्या ओळीला नळ अजून मोठा सोडला.

२२ फेब्रुवारी, सकाळ

मं. तयार होऊन बसलीय, अंजिरी पातळ. पुतणीसाठी साडी घेतलीय, शेड मी निवडला. खड्डा तसाच आहे. गटार पुन्हा तुंबलंय, काळं पाणी आज खड्ड्यात उतरलं, गाळाच्या पट्ट्यापर्यंत आलंय. वास सगळ्या घरात. सर म्हणतात बुजवून टाका. नाही बुजवणार, निदान आज नाही.

बादलीतलं पाणी बदलायला मं. वाकली तर तिला म्हटलं, मी करतो. तिनं करू दिलं. टाक एकेक करून ताटात काढले, तेच ताट. बादली घासली, भरली, पुन्हा एकेक आत सोडला. चार काळे, एक चकचकीत. सुपाऱ्या शर्टाच्या खिशात आहेत.

पंगत एक वाजता. बाहेर रिक्षावाला हॉर्न देतोय. बोलेन की नाही, ते आता लिहीत नाही. बोललो तर इथे लिहायची गरज नाही, नाही बोललो तर लिहायला तोंड नाही.